लाकडी दाराला कोणता लेप द्यावा? तंजावूरच्या राजवाडा परिसरातील ऊन आणि पाऊस

तंजावूरच्या जुन्या कोटातील राजवाडा मराठी वाचकाला परका नाही. सोळाव्या शतकात नायक राजांनी ज्याची उभारणी सुरू केली, त्या राजवाड्यात १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांची सत्ता आली आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निवर्तेपर्यंत ती टिकून राहिली. दरबार महाल, सर्जा माडी आणि दुसरे सरफोजीराजे यांनी आपल्या कारकीर्दीत (१७९८ ते १८३२) नावारूपास आणलेले सरस्वती महाल ग्रंथालय यांविषयी मराठीत बरेच लेखन झाले आहे. मात्र या वास्तूंच्या आणि त्यांच्या भोवतालच्या राजवीथींवरील जुन्या घरांच्या लाकडी दारांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यांपैकी काही घरांत आजही मराठी बोलली जाते.

या दारांपुढील प्रश्न साधा, पण खर्चिक आहे. बाहेरच्या दाराचा रंग उडू लागला की घरमालक रंगाच्या दुकानात जातो आणि सर्वांत चकचकीत दिसणारा डबा घेऊन येतो. पहिले वर्ष दार आरशासारखे चमकते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर लेपाचे पापुद्रे सुटतात, खाली काळे डाग दिसतात, आणि आणखी काही वर्षांनी सुतार सांगतो की दार आतून कुजले आहे, बदलून टाका. शंभर वर्षे टिकलेले सागवानी दार अशा रीतीने पाच-सात वर्षांत निकामी होऊ शकते. त्याच्या जागी येणारे लोखंडी किंवा प्लायवूडचे दार स्वस्त असते, पण तशा प्रतीचे जुने सागवान पुन्हा मिळत नाही.

बाहेरच्या दारासाठी लेप निवडताना डब्यावरील वर्णनापेक्षा तीन गोष्टी आधी पाहाव्यात. दाराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, त्या गावात पाऊस केव्हा आणि कोठून येतो, आणि लेप खराब झाल्यावर तो खरवडल्याशिवाय पुन्हा देता येतो का?

ऊन आणि पाणी लाकडाचे काय करतात

लाकडातील तंतूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या द्रव्यास लिग्निन म्हणतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण या लिग्निनचे विघटन करतात. हा परिणाम पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या अंशाइतक्याच खोलीपर्यंत होतो, परंतु लेपाची पकड नेमकी याच थरावर असते. विघटन झालेले लिग्निन पावसाने धुऊन जाते आणि उरलेले तंतू राखाडी दिसू लागतात. उघड्यावरील मऊ लाकूड अशा प्रकारे शंभर वर्षांत साधारणपणे पाच-सहा मिलिमीटर झिजते. सागवानासारखे कठीण लाकूड त्याहून कमी. म्हणजे केवळ राखाडी पडलेले दार मरणपंथाला लागले आहे, असे समजण्याचे कारण नाही.

खरा धोका अडकून राहिलेल्या पाण्याचा असतो. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला, तर कुजविणाऱ्या बुरशीला अनुकूल स्थिती निर्माण होते. भिजलेले लाकूड उन्हात वाळू शकले तर काही बिघडत नाही. मात्र वरून घट्ट, जाड आणि भेगाळलेला थर असेल, तर पाणी भेगेतून आत शिरते आणि बाहेर पडण्यास त्याला वाट राहत नाही.

याशिवाय लाकूड हलते. तीस अंश तापमानाला हवेतील आर्द्रता ५५ टक्के असताना लाकडात सुमारे १० टक्के ओलावा असतो. आर्द्रता ८० ते ८५ टक्क्यांवर गेली की तो १६ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. एवढ्या फरकाने सागवानाची २५ सेंटिमीटर रुंदीची फळी अडीच ते तीन मिलिमीटरने फुगू शकते. पावसाळ्यात दार अडकते ते यामुळेच. लाकडाबरोबर लेपही ताणला जावा लागतो. जो लेप ताणला जात नाही, तो प्रथम सांध्यावर फुटतो.

सागवानाविषयी एक गैरसमज येथे दूर करावयास हवा. त्याच्या गाभ्याच्या लाकडातील नैसर्गिक द्रव्ये वाळवी व बुरशीस रोखतात, म्हणून सागवान टिकते. पण सालीलगतच्या फिकट लाकडाला हे संरक्षण नसते, आणि अलीकडच्या लहान वयाच्या सागवानात असे फिकट लाकूड अधिक असते. शिवाय हीच तेलकट द्रव्ये वरून दिलेल्या लेपाला नीट वाळू देत नाहीत. त्यामुळे नव्या सागवानावर लेप देण्यापूर्वी पृष्ठभाग योग्य त्या थिनरने पुसून घेण्याची पद्धत आहे. रंगारी घाईत असला की नेमकी हीच पायरी गाळली जाते.

दार कोणत्या दिशेला आहे?

महाराष्ट्रातून तंजावूरकडे पाहणाऱ्यास येथील पावसाचे वेळापत्रक उलटे वाटते. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळतो आणि वाऱ्याबरोबर पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतींवर आपटतो. दुपारनंतरचे तीव्र ऊनही पश्चिमेकडूनच येते. त्यामुळे रत्नागिरी किंवा मालवणातील पश्चिमाभिमुख दार ऊन आणि पाऊस या दोहोंचा मारा एकटेच सोसते.

तंजावूर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर असून तेथील वार्षिक पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि नंतरही वादळी सरी पडतात, पण दार सलग दिवसेंदिवस भिजते ते वर्षाच्या अखेरीस. म्हणून येथे कामाची विभागणी झालेली दिसते. पश्चिमेकडील दार उन्हाने भाजते, तर पूर्वेकडील व उत्तरेकडील दार पावसाने भिजते.

उत्तरेच्या दाराला ऊन लागत नाही, ही पुण्या-मुंबईकडची समजूतही येथे तितकीशी लागू पडत नाही. तंजावूर १० अंश ४७ कला उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे वर्षातील चार महिने, तेथे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे असतो. मुंबईत ही स्थिती जेमतेम सव्वादोन ते अडीच महिने असते, आणि त्यातील बराच काळ आकाश ढगाळ असते. राजवाड्याच्या उत्तरेकडील रस्त्यावर, छज्जा नसलेल्या घराचे दार म्हणूनच अपेक्षेपेक्षा लवकर रापते.

यावरून निष्कर्ष असा निघतो की एकाच घराच्या दोन दारांना एकच लेप योग्य ठरेल असे नाही. पश्चिमेच्या दाराला रंगद्रव्य असलेला, ऊन अडविणारा लेप हवा. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या दाराला बुरशीरोधक आणि लाकडातील वाफ बाहेर जाऊ देणारा लेप अधिक उपयोगी पडतो. खोल ओसरीच्या आत असलेल्या दाराला मात्र जवळजवळ काहीही चालते. दारावर पुरेसा छज्जा असणे हे कोणत्याही महागड्या लेपाहून अधिक परिणामकारक ठरते, आणि जुन्या घरांच्या बांधणीत ही जाण स्पष्ट दिसते.

दाराचा खालचा भाग हा स्वतंत्र विषय आहे. तमिळ घरांत पहाटे अंगण धुऊन कोलम काढला जातो, उंबरठ्याला हळद-कुंकू लावले जाते. मराठी घरांतील सडा-रांगोळीची रीत याहून वेगळी नाही. या नित्यक्रमात दाराच्या खालच्या वीतभर भागावर वर्षातील ३६५ दिवस पाणी उडते. दाराच्या खालच्या कडेला उभ्या पट्ट्यांचे तंतू आडवे कापलेले असतात. लाकूड या कापातून बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीने वेगात पाणी शोषते. आणि दार चौकटीत बसविल्यावर रंगवले जात असल्याने नेमकी हीच कड कोरी राहते. कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा येथूनच होते.

कोणता लेप कोठे?

लाखेच्या चपड्याचे स्पिरिट पॉलिश बाहेरच्या दारासाठी बाद समजावे. त्याचे रूप देखणे असते, परंतु पाणी लागताच ते पांढुरके पडते आणि उष्णतेने मऊ होते. घरातील फर्निचरसाठी सुतार वापरतात ते मेलामाईन पॉलिशही बाहेर टिकत नाही. तो थर कठीण असतो आणि लाकूड फुगले की तडकतो.

पारदर्शक रोगणाचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण त्यातून लाकडाच्या रेषा दिसतात. रोगण हा शब्द फारसीतून मराठीत आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ तेल किंवा तूप असा होतो. जुने रोगण खरोखरच तेलात राळ विरघळवून तयार होत असे, याची खूण त्या शब्दात राहिली आहे. आजच्या पारदर्शक लेपांमध्ये पॉलियुरेथेन अर्थात पीयू लोकप्रिय आहे. तो घासला जाण्यास आणि पाण्यास उत्तम प्रतिकार करतो. अडचण अशी की काचेसारख्या पारदर्शक थरातून अतिनील किरण खाली पोहोचतात आणि लेप शाबूत असतानाच त्याखालील लिग्निन विघटित होऊ लागते. मग लेप पापुद्र्यासारखा सुटतो. पीयूचे दोन प्रकार असतात. ॲरोमॅटिक प्रकार उन्हात पिवळा पडतो, ॲलिफॅटिक प्रकार पडत नाही. बाहेरच्या दारासाठी घ्यावयाचाच असेल तर दुसरा प्रकार, अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेला, असे दुकानदारास स्पष्ट सांगावे लागते. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी तयार झालेले लवचिक रोगणही मिळते. ते लाकडाबरोबर ताणले जाते, त्यामुळे पारदर्शक लेपांत त्याची निवड अधिक योग्य आहे. तथापि थेट उन्हातील दारावर या साऱ्यांना एक-दोन वर्षांनी नव्या हाताची गरज भासते. ती वेळ चुकली तर संपूर्ण थर खरवडून मूळ लाकडापर्यंत जावे लागते, आणि कोरीव दारावर हे काम म्हणजे शिक्षाच होय.

तेल हा जुना उपाय आहे. जवसाचे कच्चे तेल वाळण्यास बरेच दिवस घेते. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते प्रक्रिया केलेले तेल शुष्कक द्रव्यांमुळे लवकर वाळते. तेल लाकडात मुरते, वर थर धरत नाही, म्हणून ते सोलले जात नाही. दरवर्षी किंवा सहा महिन्यांनी दार पुसून पुन्हा तेल चोळले की काम झाले. परंतु दमट हवेत जवसाच्या तेलावर काळी बुरशी वाढते, कारण ते तिचे खाद्य आहे. तंजावूरमध्ये पूर्वेच्या दाराला नुसते जवसाचे तेल देणे म्हणूनच योग्य नाही. बुरशीरोधक मिसळलेले तयार तेल घ्यावे. आणखी एक धोका येथे सांगणे आवश्यक आहे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम संपताच त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

कोकण आणि गोव्यात होड्यांना व घराच्या लाकडांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची प्रथा आहे. वाळवीविरुद्ध ते प्रभावी असते. पण त्याचा रंग गडद होतो आणि कच्चे तेल त्वचेवर फोड उठविते, त्यामुळे हाताळताना जाड हातमोजे अनिवार्य आहेत. मुलांचा हात लागणाऱ्या दर्शनी दारापेक्षा तुळयांना आणि चौकटीच्या भिंतीत गाडलेल्या बाजूला ते शोभते.

आमच्या मते उन्हातील जुन्या सागवानी दारासाठी सर्वांत समतोल निवड म्हणजे लाकडात मुरणारा, रंगद्रव्ययुक्त, अर्धपारदर्शक लेप. दुकानात तो एक्स्टीरियर वूड स्टेन या नावाने मिळतो. त्यातील रंगद्रव्य बहुधा लोहाची ऑक्साईडे असतात, म्हणजे आपल्या गेरूचेच भाऊबंद. हे कण ऊन अडवतात, लाकडाच्या रेषा बऱ्यापैकी दिसतात, आणि झिजताना लेप पापुद्रे न सुटता हळूहळू फिका पडतो. दोन-तीन वर्षांनी दार धुऊन, वाळवून, हलका पॉलिश पेपर मारून त्यावरच नवा हात देता येतो. चमक हवी असणाऱ्यांना मात्र हा लेप पसंत पडत नाही.

अपारदर्शक रंग हा ऊन रोखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. येथे तेलरंग आणि पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग यांत फरक करावा लागेल. पारंपरिक तेलरंग काही वर्षांत कडक होऊन सांध्यांवर तडकतो. बाहेरच्या लाकडासाठी केलेला ॲक्रिलिक रंग लवचिक राहतो आणि वाफ बाहेर जाऊ देतो. मात्र गडद रंगाचे दार पश्चिमेच्या उन्हात अतिशय तापते, त्याचे सांधे उघडतात. फिकट रंग त्या मानाने सौम्य. ज्या दारावर आधीच रंगाचे अनेक थर आहेत, ते सर्व काढून रेषा उघड्या करण्याचा अट्टहास प्रत्येक वेळी शहाणपणाचा असतोच असे नाही.

जुन्या थरांतील शिसे

याचे एक गंभीर कारण आहे. जुन्या काळी पांढऱ्या रंगात सफेदा आणि अस्तरात शेंदूर वापरला जात असे. ही दोन्ही शिशाची संयुगे आहेत. पुढील काळातील तेलरंगांतही शिशाचे प्रमाण मोठे असे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरविणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. याचा अर्थ असा की त्यापूर्वी रंगवलेल्या कोणत्याही दाराच्या थरांत शिसे असू शकते, हे गृहीत धरून काम करावे.

असे दार कोरडे घासल्यास शिसेयुक्त धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. म्हणून जुना रंग ज्योतीने जाळून काढू नये, यंत्राने कोरडा घासू नये. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने, खाली प्लास्टिक अंथरून, नाकावर योग्य मास्क बांधून काम करावे. मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्या काळात तेथून दूर ठेवावे आणि खरवडलेला रंग बांधून टाकावा, अंगणात झाडून लोटू नये. घट्ट बसलेला जुना थर तसाच ठेवून त्यावर नवा हात देणे अनेकदा अधिक सुरक्षित ठरते.

कोरीव काम असलेल्या वा ऐतिहासिक दारांबाबत आणखी एक विचार करावा लागतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून वास्तुसंवर्धनात मूळ द्रव्याला कमीत कमी हात लावण्याचा आग्रह धरला जातो आणि पुढे काढता येईल असाच उपाय आज योजावा, हे तत्त्व संवर्धक पाळतात. लाकडावर कायमचा चिकटणारा एपॉक्सी किंवा जाड पीयू थर या कसोटीवर उतरत नाही. तेल आणि मुरणारे लेप त्या मानाने बरे. राजवाड्यासारख्या वास्तूच्या दारांचा निर्णय संवर्धन तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो, मात्र राजवीथीवरील घरमालकाला तेच तत्त्व स्वतःच्या दारापुरते पाळता येते.

काम केव्हा करावे?

आपल्याकडे घर रंगवण्याचा मुहूर्त सणांशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात दिवाळीपूर्वी आणि तमिळनाडूत जानेवारीच्या मध्यात येणाऱ्या पोंगलपूर्वी रंगाऱ्यांना सवड नसते. दोन्हीकडे एकच गफलत होते. महाराष्ट्रातील दिवाळी नैर्ऋत्य पावसाच्या अखेरीस येते, तर पोंगल ईशान्य पावसाच्या अखेरीस. म्हणजे लाकूड वर्षातील सर्वाधिक ओले असते तेव्हाच आपण त्यावर रंगाचे झाकण बसवतो. आतला ओलावा पुढील उन्हाळ्यात बाहेर पडू पाहतो आणि लेपाला फोड येतात. भिंतीसाठी सणाचा मुहूर्त पाळण्यास हरकत नाही, पण दाराचे काम तंजावूरमध्ये फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत आणि महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीपर्यंत पुढे ढकलणे श्रेयस्कर. ओलावा मोजण्याचे लहान यंत्र सुताराकडे असल्यास १५ टक्क्यांच्या आत नोंद येईपर्यंत थांबावे. दार उन्हाने तापलेले असतानाही लेप देऊ नये. पश्चिमेचे दार सकाळी रंगवावे, पूर्वेचे दुपारनंतर.

शक्य असल्यास झडप बिजागऱ्यांवरून उतरवून सहाही बाजूंना लेप द्यावा आणि वरच्या व खालच्या कडेला एक हात जास्त द्यावा. जड दार उतरवणे अवघड असेल तर खालची फट वाढवून, अरुंद पट्टीला कापड गुंडाळून लेप पोहोचवता येतो. रंगाऱ्याने ते केले की नाही, हे दाराखाली छोटा आरसा सरकवून दिसते. भेगा भरताना भिंतीची लांबी वापरू नये, ती लाकडाबरोबर हलत नाही आणि पाणी धरून ठेवते.

त्यानंतर वर्षातून एकदा, पावसाळा संपून दार वाळल्यावर, दाराच्या खालच्या भागावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. थेंब गोल राहून ओघळले तर लेप शाबूत आहे. पाच-दहा मिनिटांत ते लाकडात जिरून गडद डाग पडला, तर त्याच महिन्यात नवा हात द्यावा. त्या वेळी एका संध्याकाळचे काम पुरते. दोन पावसाळे थांबल्यास सुताराला बोलवावे लागते.